जुना शॉर्टवेव्ह रेडिओ घेताय? लाकडावर जाऊ नका, बँड ऐका

जुना रेडिओ घेणारी माणसं दोन प्रकारची. एकाला हॉलमध्ये शोकेसवर ठेवायला काहीतरी जुनं, देखणं हवं असतं, आणि दुसऱ्याला त्यावर खरंच स्टेशनं लावून ऐकायची असतात. पहिल्या मंडळींनी पॉलिश बघावं, भाव करावा आणि घेऊन जावं, काही बिघडत नाही. हा लेख दुसऱ्यांसाठी आहे, आणि अडचण अशी की सगळा बाजार पहिल्यांसाठी चालतो. म्हणजे विकणारा लाकूड पुसून चकचकीत करतो, जाळीला नवीन कापड लावतो, डायलमागचा दिवा पेटवून दाखवतो आणि म्हणतो चालू आहे साहेब, घेऊन जा. चालू म्हणजे काय, तर मीडियम वेव्हवर आकाशवाणी खरखरत लागते. शॉर्टवेव्ह लागते का हे त्याने स्वतःसुद्धा कधी बघितलेलं नसतं. म्हणून शॉर्टवेव्हवर स्टेशन ऐकल्याशिवाय, किंवा निदान तो बँड आतून जिवंत आहे हे तपासल्याशिवाय, शॉर्टवेव्हचे म्हणून पैसे द्यायचे नाहीत. ते कसं तपासायचं हे खाली सविस्तर सांगतो, पण त्याआधी दोनचार गोष्टी ठरवाव्या लागतात.

आधी ठरवा, ऐकायचंय काय

बरेच जण जुन्या आठवणीवर रेडिओ घ्यायला निघतात. सिलोन, बिनाका गीतमाला, बीबीसी हिंदी वगैरे. तर खरं सांगायचं तर गीतमाला १९५२ मध्ये सिलोनवर सुरू झाली आणि शेवटी शेवटी विविध भारतीवर आली, बीबीसी हिंदीचं शॉर्टवेव्हवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला थांबलं, आणि आकाशवाणीची प्रादेशिक शॉर्टवेव्ह केंद्रंही बहुतेक बंद झाली. तेव्हा १९७५ सालचा बँड पुन्हा ऐकायला मिळेल असं समजून पैसे घालवू नका.

पण बँड मेलेला नाहीये. चायना रेडिओ इंटरनॅशनल तर इतकं जोरात येतं की तुटक्या अँटेनावरही लागेल, हिंदीतसुद्धा. बीबीसीचं इंग्रजी आहे, रेडिओ रोमानिया आहे, कोरियाचं केबीएस आहे, अरबी आणि फारसी स्टेशनं आहेत. ३१ मीटर म्हणजे साधारण ९.४ ते ९.९ मेगाहर्ट्झ आणि २५ मीटर म्हणजे ११.६ ते १२.१, हे दोन बँड संध्याकाळी सातनंतर आपल्याकडे सगळ्यात भरलेले असतात. दिवसा वरचे, म्हणजे जास्त मेगाहर्ट्झचे, बँड बघायचे, १९ मीटर, १६ मीटर, आणि रात्र चढली की खाली ४१ आणि ४९ मीटरकडे यायचं. मीटर आणि मेगाहर्ट्झचा हिशोब सोपा आहे, ३०० ला मेगाहर्ट्झने भागा, मीटर येतात. जुन्या सेटच्या डायलवर बऱ्याचदा फक्त मीटर छापलेले असतात, त्यामुळे हा भागाकार डोक्यात ठेवाच.

आता दुसरी एक दुनिया आहे, ती म्हणजे हॅम लोकांच्या, म्हणजे परवाना काढून हौसेने रेडिओवर बोलणाऱ्यांच्या, गप्पा (७.० ते ७.२ आणि १४.० ते १४.३५ मेगाहर्ट्झ), आणि विमानांसाठी वाचला जाणारा हवामानाचा वोल्मेट बुलेटिन, ज्यासाठी आपल्या भागात ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झ आहेत आणि त्यात मुंबईचंही नाव येतं. हे सगळं एसएसबीवर (सिंगल साइडबँड, आवाज पाठवायची वेगळी पद्धत) असतं. साध्या रेडिओवर एसएसबी म्हणजे बदकं भांडताहेत असं ऐकू येतं, शब्द एक कळत नाही. त्यासाठी सेटमध्ये बीएफओ किंवा एसएसबी असं लिहिलेला स्विच लागतो. तेव्हा स्वतःला विचारा, मला स्टेशनं ऐकायचीत की हे पण ऐकायचंय? यावर अर्धी निवड होऊन जाते. लायसन्सची काळजी नको, पूर्वी रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं आणि दरवर्षी त्या पुस्तकात शिक्का मारून घ्यावा लागायचा, ते १९८० च्या दशकाच्या मध्यावर गेलं. एखाद्या घरातून रेडिओबरोबर ते लायसन्सचं पुस्तक निघालं तर मात्र मागून घ्या, सेट किती सालचा आणि कुठल्या गावात वापरलेला हे त्यातून कळतं. बोलायचं असेल, म्हणजे ट्रान्समिट करायचं असेल, तर हॅमची परीक्षा आणि परवाना लागतोच, तो वेगळा विषय.

कुठला सेट घ्यावा

माझं मत आधीच सांगून टाकतो. पहिला सेट व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला, घेऊ नका. पहिला घ्या सेलवर चालणारा, १९७० ते ९० च्या काळातला चांगल्या कंपनीचा ट्रान्झिस्टर पोर्टेबल, आणि व्हॉल्व्हचा दुसरा किंवा तिसरा घ्या. लोकांना हे आवडत नाही कारण सगळ्यांना तो लाकडी डबा आणि हिरवा मॅजिक आय (स्टेशन नीट लागलं की दाखवणारा दिवा) हवा असतो. पण नवख्या माणसाला सेलवरचा सेट उचलून गच्चीत नेता येतो, शॉक लागत नाही, आणि आवाज का येत नाही याची कारणं पाचसहाच असतात.

व्हॉल्व्हच्या सेटमध्ये आपल्याकडे जास्त करून मर्फी (ठाण्याचा कारखाना, ते गाल फुगलेलं बाळ आठवतंय ना), फिलिप्स, बुश, एचएमव्ही, जीईसी आणि टाटांच्या नेल्कोचे सेट मिळतात. ५०-६० च्या दशकातले बहुतेक सेट ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४ अशा ठरलेल्या व्हॉल्व्हवर चालतात आणि हे व्हॉल्व्ह भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळुरूला भरपूर बनवले, त्यामुळे अजून सापडतात. या देशी सेटची एक गंमत म्हणजे त्यात खालचा ६० आणि ९० मीटरचा पट्टा बऱ्याचदा असतो, कारण आकाशवाणीची प्रादेशिक केंद्रं रात्री तिथे असायची. युरोपातून आलेले सेट पुष्कळदा ४९ मीटरपासूनच सुरू होतात. गोव्यातल्या जुन्या घरांमधून जर्मन सेट निघतात, पांढऱ्या पियानोच्या पट्ट्यांसारखी बटणं असलेले, आवाज काय सुंदर असतो त्यांचा, पण शॉर्टवेव्हचा एकच बँड आणि एफएम १०० मेगाहर्ट्झपर्यंतच, म्हणजे आपली वरची एफएम स्टेशनं त्यावर येणारच नाहीत.

एक प्रकार सरळ टाळा. गावाकडे वीज नव्हती तेव्हाचे ड्राय बॅटरीवरचे व्हॉल्व्ह सेट, डीके ९६, डीएल ९६ असे व्हॉल्व्ह असतात आणि ९० व्होल्टची मोठी बॅटरी लागायची. ती बॅटरी आता मिळत नाही. जुगाड करता येतो, पण पहिल्या सेटवर नको.

देशी ट्रान्झिस्टर स्वस्त असतात आणि शिकायला उत्तम. त्यात ६० च्या दशकातल्या जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या सेटमध्ये एक खास रोग असतो. एएफ ११५, एएफ ११७ वगैरे ट्रान्झिस्टरच्या धातूच्या टोपीच्या आत कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतली तार टोपीला चिकटून शॉर्ट होते. सेट वापरला नाही तरी हे होतं. चार पायांचा ट्रान्झिस्टर असतो, त्यातला एक पाय फक्त शील्डचा, तो कापला की पुष्कळदा सेट बोलायला लागतो. मेकॅनिकला हे माहीत असतं का? जुन्या मेकॅनिकला असतं. नव्याला सांगावं लागतं.

आता बाहेरून आलेले पोर्टेबल. आपल्याकडे हे मुख्यतः आखातातून आले. ७०-८० च्या दशकात रत्नागिरी, रायगडातली, गोव्यातली माणसं दुबई, कुवेत, मस्कतहून सुट्टीवर येताना सोनी आणि नॅशनल पॅनासोनिकचे सेट घेऊन यायची, आणि ते अजून कपाटांवर, माळ्यांवर पडलेले आहेत. सोनीचा आयसीएफ-७६००डी, नंतरचा आयसीएफ-एसडब्ल्यू७६००जी, मोठा आयसीएफ-२००१डी (अमेरिकेत हाच २०१० नावाने विकला), नॅशनल पॅनासोनिकचे आरएफ मालिकेतले सेट, ग्रुंडिगचे सॅटेलिट, हे सगळे एसएसबी ऐकवू शकतात किंवा त्यातले बरेच तरी. डिजिटल फ्रिक्वेन्सी असेल तर नवख्याचं आयुष्यच सोपं होतं, ९४१० दाबा आणि ९४१० वर जा. मात्र ८०-९० च्या दशकातल्या छोट्या डिजिटल सोनीत आतले इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर पाझरून बोर्डाचे ट्रॅक खातात, आवाज हळूहळू बारीक होत जातो ही त्याची खूण. आणि २००१डी मध्ये लांब वायर लावली असताना स्टॅटिकने पुढचा एफईटी (अँटेनाकडचा नाजूक ट्रान्झिस्टर) उडतो, मग सेट चालू दिसतो पण बहिरा असतो. असा बहिरा सेट पूर्ण भावाला घेणं म्हणजे फसणं, अर्ध्या भावात मिळाला आणि एफईटी बदलणारा माणूस ओळखीचा असेल तर सोनं.

त्याच्या वरचे म्हणजे याएसू एफआरजी-७ सारखे टेबलावरचे कम्युनिकेशन रिसिव्हर. भारतात क्वचित हाती लागतात, बहुतेक एखाद्या हॅमच्या घरातून. मिळाला आणि तो हॅम स्वतः विकत असेल तर फार विचार करू नका, त्यांनी सेट नीट ठेवलेला असतो.

कुठे शोधायचा

मुंबईत चोरबाजार, मटन स्ट्रीट. तिथली दुकानं शुक्रवारी बंद असतात पण शुक्रवारी पहाटे रस्त्यावरचा जुम्मा बाजार भरतो, आणि खरा माल तिथेच स्वस्तात सुटतो, दुकानात गेला की त्याची अँटिक किंमत होते. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवार आणि रविवार. पार्ट्ससाठी मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठ आणि तपकीर गल्ली. पण माझं ऐकाल तर सगळ्यात चांगला माल बाजारात नसतोच, तो नातेवाइकांच्या माळ्यावर असतो. काका-मामांना, सोसायटीच्या ग्रुपवर, गावच्या रेडिओ रिपेअरवाल्याला विचारून ठेवा. या रिपेअरवाल्याकडे गिऱ्हाईक परत न्यायला आलंच नाही असे सेट वर्षानुवर्षं फळीवर पडलेले असतात, आणि ते त्याने कधीतरी दुरुस्त केलेले असतात, हा मोठा फायदा.

पिशवीत काय न्यायचं

चांगले सेल (मोठे डी आणि पेन्सिल दोन्ही, विकणाऱ्याकडे सेल नसतात आणि असले तर मेलेले असतात), पाचेक मीटर वायर आणि तिच्या टोकाला क्रोकोडाइल क्लिप, छोटी टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, टेस्टर, आणि शक्य असेल तर एखादा छोटा नवा डिजिटल शॉर्टवेव्ह रेडिओ. या शेवटच्याचं काम मोठं आहे.

सेट हातात आल्यावर

आधी चालू करू नका. मागचं कव्हर काढू द्या म्हणा. नाही म्हणाला तर तिथेच नमस्कार. आत टॉर्च मारा आणि आधी वास घ्या, हसू नका, जळका वास असेल तर ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो आणि तो परत गुंडाळून घेणं महागात पडतं. उंदरांच्या लेंड्या, घरटं, हिरवं पडलेलं चासी (आतला पत्र्याचा सांगाडा) दिसलं तर सोडून द्या, उंदराचं मूत तारा आणि कॉइल खातं. कोकणातल्या, मुंबईतल्या समुद्राजवळच्या घरातला सेट असेल तर गँग कंडेन्सरच्या (स्टेशन लावायच्या नॉबने फिरतो तो) पत्र्यांवर पांढरी बुरशी आणि गंज बघा. नॉब फिरवताना पत्रे एकमेकांना घासून कर्र कर्र आवाज येतो का तेही बघा. सेलच्या खणात हिरवट-पांढरी खपली असेल तर स्प्रिंगपुरती असेल तर चालते, तारेतून आत बोर्डापर्यंत गेली असेल तर भाव पाडा किंवा सोडा.

मग नॉब फिरवा आणि काटा सरकतो का बघा. नॉब फिरतो आणि काटा हलत नाही म्हणजे डायलची दोरी तुटलीय किंवा घसरतेय. लोक याला घाबरतात, पण ही दुरुस्ती स्वस्त आहे, फक्त कटकटीची, दोरी कुठल्या पुलीवरून कशी जाते हे शोधताना डोकं उठतं. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होते, बँड स्विच बदलताना आवाज जातो येतो, ही पण काळजीची गोष्ट नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा आणि दहापंधरा वेळा इकडून तिकडे फिरवलं की बहुतेक वेळा साफ होतं. उलट हेच दोष दाखवून भाव करता येतो.

सेटची काच बघताना एक सांगतो. डायलच्या काचेची आतली बाजू कधीही ओल्या फडक्याने पुसू नका, आणि विकणाऱ्यालाही पुसू देऊ नका. स्टेशनांची नावं, मीटर, सगळं आतल्या बाजूला छापलेलं असतं आणि ते ओल्या फडक्यावर उतरून येतं. एकदा गेलं की गेलं, कोरी काच हातात राहते. पॉलिश केलेल्या सेटच्या डायलवर अर्धे आकडे गायब दिसले की समजायचं कुणीतरी हा उद्योग केलाय.

आता सेल घाला आणि मीडियम वेव्हवर आपलं जवळचं स्टेशन लावा. पुण्यात ७९२ किलोहर्ट्झ, मुंबईत १०४४ किंवा ५५८. ते डायलवर योग्य ठिकाणी लागलं म्हणजे ऑडिओ, आयएफ (मधला सिग्नल वाढवणारा भाग), स्पीकर सगळं ठीक आहे. ही फक्त अर्धी परीक्षा झाली, आणि बहुतेक लोक इथेच पैसे देतात.

शॉर्टवेव्हवर या. अँटेना पूर्ण ओढा, त्याला वायरची क्लिप लावा. क्लिप लावताना स्पीकरमधून टक्क असा आवाज आला आणि मागची सूं वाढली तर पुढचा भाग जिवंत आहे. बोट लावूनही तसंच होतं, फक्त सेलवरच्या सेटमध्येच बोट लावा. संध्याकाळ असेल तर ३१ आणि २५ मीटरवर हळूहळू काटा फिरवा, स्टेशनं लागायला हवीत, एकापाठोपाठ एक. पण अडचण अशी की बाजार सकाळी किंवा दुपारी भरतो, आजूबाजूला ट्यूबलाइट, चार्जर, मोटारी, त्या गोंगाटात शॉर्टवेव्हवर काही लागत नाही, आणि विकणारा म्हणतो साहेब इथे रेंज नाही, घरी लागेल. आणि त्याचं म्हणणं खरं पण असू शकतं!

इथे तो छोटा डिजिटल रेडिओ कामाला येतो. साध्या जुन्या सेटमध्ये एक लोकल ऑसिलेटर (आतल्या आत सिग्नल तयार करणारा भाग) असतो, तो तुम्ही लावलेल्या फ्रिक्वेन्सीच्या साधारण ४५५ किलोहर्ट्झ वर चालतो, आणि त्याचा बारीक सिग्नल बाहेर गळतो. म्हणजे जुन्या सेटचा काटा ९.५ मेगाहर्ट्झवर ठेवा, डिजिटल रेडिओ त्याला चिकटून ठेवा आणि ९९५५ किलोहर्ट्झच्या आसपास फिरवा. एका जागी मागची सूं एकदम दबेल, सन्न शांतता येईल, आणि जुन्या सेटचा नॉब किंचित हलवला की ती जागा सरकेल. ती सापडली म्हणजे शॉर्टवेव्हचा ऑसिलेटर चालतोय. डायल पुढेमागे असेल तर शंभर-दोनशे किलोहर्ट्झ इकडे तिकडे शोधा. मग बँडच्या वरच्या टोकाला, १७-१८ मेगाहर्ट्झकडे जाऊन परत तपासा. हे महत्त्वाचं आहे, कारण थकलेला ईसीएच ८१ किंवा थकलेला ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर मजेत चालतो, शॉर्टवेव्हच्या खालच्या टोकालाही चालतो, आणि वर गेलं की ऑसिलेटर बंद पडतो. मीडियम वेव्ह चालू आणि शॉर्टवेव्ह मेलेला या सेटचं कारण बहुतेक वेळा एकतर हे, नाहीतर घाण झालेला बँड स्विच. (पीएलएलवाल्या, म्हणजे आकडा दाबून फ्रिक्वेन्सी लावायच्या, डिजिटल सोनीला ही युक्ती लागू पडत नाही, तिथे आतलं गणितच वेगळं आहे. तो सेट थेट ऐकूनच घ्यायचा.)

एक स्टेशन दोन ठिकाणी लागतं म्हणून सेट बिघडलाय असं समजू नका. साध्या सेटमध्ये ९.५ वरचं जोरदार स्टेशन ८.५९ वर पण लागतं, ९१० किलोहर्ट्झ खाली, म्हणजे ४५५ च्या दुप्पट. याला इमेज म्हणतात आणि स्वस्त सेटचा तो स्वभावच आहे.

व्हॉल्व्ह सेट असेल तर, करंटची गोष्ट

इथे मस्करी नाही. काही व्हॉल्व्ह सेटमध्ये मेन ट्रान्सफॉर्मर नसतोच, एसी-डीसी सेट म्हणतात त्याला, कारण काही भागात डीसी वीज होती तेव्हा तो दोन्हीवर चालावा म्हणून तसा बनवला. आत यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूवाय ८५ असे यू अक्षराने सुरू होणारे व्हॉल्व्ह दिसले की ओळखायचं. अशा सेटचं आख्खं चासी लाइटच्या एका वायरीला जोडलेलं असतं, प्लग उलटा बसला की चासीत २३० व्होल्ट. नॉबचा छोटा स्क्रूसुद्धा चासीला लागून असतो, म्हणूनच कारखान्यात त्या स्क्रूच्या भोकात मेण भरलेलं असायचं. नॉब बदलला, मेण गेलं, की बोट लागायची वाट बघा. टेस्टर लावून बघा, पेटला तर हात लांब. अशा सेटला अर्थिंगची वायर कधीच जोडायची नाही. नवख्याने असा सेट घेऊच नये, कितीही सुंदर असला तरी, घरात लहान मुलं असतील तर अजिबातच नाही.

ट्रान्सफॉर्मरवाला सेट असेल तर मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा, तो ११० किंवा १२७ वर नाही ना, २२० ते २४५ च्या खाचेत हवा. अमेरिकेतून आलेले सेट, झेनिथ ट्रान्सओशनिकसारखे, ११७ व्होल्टचे असतात, सरळ आपल्या प्लगमध्ये घातले की धूर.

आणि वर्षानुवर्षं बंद असलेला व्हॉल्व्ह सेट बाजारात किंवा घरी थेट लाइटवर लावायचा नाही. मेकॅनिककडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे सेटच्या सिरीजमध्ये ६० किंवा १०० वॉटचा जुना तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. बल्ब आधी जरा पेटून मंद झाला तर ठीक, फुल्ल पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करायचं. पहिल्यांदा बदलायचा तो आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा कपलिंग कंडेन्सर, जुने कागदी कंडेन्सर सगळेच गळतात पण हा गळला की आउटपुट व्हॉल्व्ह लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरसकट जातो. त्यानंतर पॉवरचे मोठे इलेक्ट्रोलिटिक, घुं असा आवाज येत असेल तर तेच. ही कामं जाणकाराकडून करून घ्या, आत २५० व्होल्ट डीसी असतं आणि सेट बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये काही वेळ राहतं.

ऑनलाइन घेताना

फोटोवर घेऊ नका, व्हिडिओ मागा, आणि व्हिडिओ असा मागा की बँड स्विच एसडब्ल्यूवर दिसतोय, काटा हलतोय आणि स्टेशन बदलतंय, एका शॉटमध्ये. कारण हल्ली सर्रास काय चालतं, तर जुन्या मर्फी-बुशच्या खोक्यात आतलं सगळं काढून ब्लूटूथ-एफएमचा किट बसवतात आणि मस्त चालू आहे म्हणून विकतात. गाणं वाजतं, दिवा पेटतो, काट्याचा आणि आवाजाचा काही संबंध नाही. मागच्या बाजूला यूएसबीचं भोक दिसलं की पुढे जा. आतल्या चासीचा फोटोही मागा, व्हॉल्व्ह जागेवर आहेत का हे दिसलं पाहिजे.

दुसरं म्हणजे लाल पारा. जुन्या रेडिओत, टीव्हीत रेड मर्क्युरी असतो आणि त्याला लाखो रुपये मिळतात अशी अफवा वर्षानुवर्षं फिरतेय, आणि त्यावर विश्वास ठेवून लोक साध्या सेटला लाखात भाव सांगतात. असं काही नसतं. अशा माणसाशी वाद पण घालू नका, वेळ जातो.

कुरिअरने येणार असेल तर विकणाऱ्याला सांगा की ट्युनिंगचा नॉब असा फिरवून ठेव की गँगचे हलते पत्रे पूर्ण आत जातील, बाहेर राहिले तर दणक्याने वाकतात आणि मग डायलचं कॅलिब्रेशन गेलंच. व्हॉल्व्ह काढून वेगळे गुंडाळायला सांगा, कुठला कुठे होता त्याचा आधी फोटो. आणि जमेल तर स्वतः जाऊन आणा, एसटीने मांडीवर ठेवून आणलेला सेट कुरिअरच्या सेटपेक्षा कधीही सुखरूप येतो.

भावाचं काय

आकडा देत नाही कारण तो गल्लीगल्लीला बदलतो. पद्धत सांगतो. तुमचं बजेट जे असेल त्याचा तिसरा हिस्सा दुरुस्तीला बाजूला ठेवा आणि उरलेल्यात सेट बसवा. तपासू न दिलेल्या सेटचा भाव म्हणजे खोक्याचा भाव, तेवढाच द्यायचा. आणि एकदा बघून घ्या की तेवढ्याच पैशात नवा एसएसबीवाला छोटा चिनी डिजिटल सेट येतो का, येत असेल आणि तुम्हाला फक्त ऐकण्यात रस असेल तर तो नवाच घ्या, जुन्याची हौस नंतर भागवा. जुना सेट घ्यायचा तो त्याच्या आवाजासाठी, काटा फिरवायच्या मजेसाठी, आणि उघडून शिकण्यासाठी.

घरी आणल्यावर

पहिल्या रात्री निराशा होते, सगळ्यांचीच, कारण घर गोंगाटाने भरलेलं असतं. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, फॅनचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, वायफायचा अडॅप्टर, सगळे मिळून शॉर्टवेव्हवर घर्रर्र करतात. लाइट गेली की सेलवरचा सेट लावून बघा, एकदम बँड उघडतो. मग लाइट आल्यावर एकेक वस्तू चालू करत जा आणि चोर पकडा. गच्चीवर किंवा बाल्कनीबाहेर आठदहा मीटर साधी वायर, भिंतीपासून लांब, आणि तिची क्लिप टेलिस्कोपिक अँटेनाला, एवढं पुरे. त्याहून लांब लावली तर छोटे पोर्टेबल ओव्हरलोड होतात आणि सगळीकडे तेच एक स्टेशन ऐकू येतं. मे महिन्याच्या शेवटी वळवाचे ढग दिसायला लागले की वायर काढून ठेवायची, विजेचा भरवसा नाही.

वेळापत्रकं यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. स्टेशनं वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, फ्रिक्वेन्सी बदलतात, त्यामुळे कालपर्यंत लागणारं आज गायब झालं तर आधी तारीख बघा, मग स्क्रूड्रायव्हर उचला. डायल बरोबर आहे का बघायला १० मेगाहर्ट्झवर चीनचं बीपीएम हे वेळेचं स्टेशन शोधा, सेकंदासेकंदाला टिक टिक येते. वहीत तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, काय ऐकलं हे लिहीत जा, स्टेशनला रिसेप्शन रिपोर्ट (कधी, कसं ऐकू आलं ते) पाठवला तर अजूनही काही जण क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोचपावती, पाठवतात.

पावसाळ्यात सेट कपाटात कोंडू नका, आठवड्यातून एकदा तासभर लावा, आतल्या उबेने ओल जाते. सेलवरचा सेट महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.